चारशे सतराची चव

ग्राहकांच्या प्रतिक्रिया तिसऱ्या मजल्यावर आल्या त्या तीन खोक्यांतून. शिपायाने खोकी ताईंच्या टेबलाशेजारी उतरवली आणि दवाखान्यात नातेवाइकांशी बोलतात तसल्या आवाजात सांगितलं, "खाली अजून दोन आहेत."

ताईंनी खोक्यांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि त्या आत्ताच दमल्या होत्या.

कंपनीचा धंदा जेवणाला पर्याय देण्याचा. पाकीट फोडायचं, पूड पाण्यात कालवायची, पिऊन टाकायची आणि कामाला लागायचं. तीस वर्षं कंपनीने हे जेवण गोडात विकलं. व्हॅनिला, चॉकलेट आणि केळं. तीस वर्षं लोकांनी ते निमूट प्यायलं. मग एक दिवस मोठ्या साहेबांच्या लक्षात आलं की दुपारी एक वाजता माणूस रोज उठून केळं पिऊ शकत नाही. त्यातून ‘भरपेट’ जन्माला आलं. कंपनीचं पहिलं बिनगोडाचं जेवण, चटकदार, गरम पाण्यात तीन मिनिटांत तयार. ‘चटकदार’ हा शब्द पाकिटावर तीन ठिकाणी छापला होता. चमचा तोंडात धरून हसणारा एक माणूसही छापला होता. आत एक कार्ड होतं, ‘कसं वाटलं? मोकळेपणाने लिहा.’ पोस्टाचा खर्च कंपनीकडे.

लोकांनी मोकळेपणाने लिहिलं होतं.

कार्डं वाचून अहवाल करायचं काम ताईंकडे आलं, कारण ताई कंपनीच्या मुख्य चाखणाऱ्या होत्या. सव्वीस वर्षं कंपनीची एकही पूड त्यांच्या जिभेवरून गेल्याशिवाय बाजारात गेली नव्हती. केळ्यात केळं किती आणि वास किती हे त्या नुसत्या अर्ध्या चमच्यावर सांगत. "चवीचं तुमच्याइतकं कोणाला कळतं?" असं मोठे साहेब म्हणाले होते. "तुम्हीच वाचा आणि काय दुरुस्त करायचं ते सांगा."

ताईंना चवीचं काहीही कळत नव्हतं.

आठ महिन्यांपूर्वी त्यांना ताप आला. पाच दिवसांनी ताप गेला आणि जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. जिभेला गरम कळे, गार कळे, मऊ-खरखरीत कळे. तिखट घातलं तर नुसती आग होई, पण तिखट लागत नसे. डॉक्टर म्हणाले, "येईल परत. कधी कधी येत नाही." यातलं कोणतं वाक्य धरायचं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि ताईंनी विचारलं नाही. आज येईल, उद्या येईल असं करत त्यांनी आठ महिने काढले. ही गोष्ट डॉक्टरशिवाय कोणालाच माहीत नव्हती, ना ऑफिसात, ना घरी. चव न कळणाऱ्या मुख्य चाखणाऱ्या बाईला कंपनीत काय काम असतं, याचं उत्तर त्यांनी मनातल्या मनात बऱ्याचदा देऊन पाहिलं होतं. दर वेळी तेच यायचं.

त्यांनी पहिलं खोकं उघडलं.

‘खारं म्हणून घेतलं. खारं नाही. आंबट नाही. तिखट नाही. काय आहे ते कृपया कळवावे.’

‘तीन मिनिटं थांबलो. चव आली नाही म्हणून आणखी तीन मिनिटं थांबलो. एकूण किती थांबायचं?’

‘मांजराला दिलं. मांजराने माझ्याकडे पाहिलं.’

‘सासूबाईंना आवडलं. त्यांना आजवर या घरातलं काही आवडलेलं नाही. त्यामुळे मी काळजीत आहे.’

‘वाईट आहे असंही म्हणता येत नाही, याचाच जास्त राग येतो.’

‘पाकिटावरचा माणूस हसतोय, तो नक्की काय खातोय?’

कार्डं पाच खणांत लावायची होती: चव, पोत, वास, पाकीट, इतर. चवीच्या खणात पुन्हा चार पोटखण होते: फार खारट, कमी खारट, फार तिखट, कमी तिखट. ‘चवच नाही’ असा खण नव्हता, कारण असं काही होऊ शकेल हे खण पाडणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. म्हणून दुपारपर्यंत वाचलेली सगळी कार्डं ‘इतर’मध्ये जाऊन पडली. चव, पोत, वास आणि पाकीट हे चारही खण नव्या घरातल्या कपाटासारखे रिकामे होते.

मधूनच एखादं वेगळं कार्ड निघे. ‘तीन आठवडे आई दवाखान्यात आहे. मी जवळ बसते. काहीही खाल्लं की त्याची चव तोंडात राहते आणि नंतर त्या खोलीची आठवण येते. हे खाल्लं की काहीच राहत नाही. कृपा करून बंद करू नका.’ आणि दुसरं, एका बाईचंच, थरथरत्या अक्षरातलं, ‘दिवसभर माणसांचं ऐकून घ्यायचं माझं काम आहे. जेवणाने तरी मला काही सांगू नये, असं वाटायचं. धन्यवाद.’

ही कार्डं ताईंनी बाजूला ठेवली. ती ठेवायला खण नव्हता म्हणून नव्हे. त्या दोन बायकांना ‘भरपेट’ची, म्हणजे चाखणीतल्या नमुना क्रमांक चारशे सतराची, चव बरोबर कळली होती आणि ती स्वतः ताईंना आत्ता, त्यांच्याकडून, कळत होती.

चाळिसाव्या कार्डावर एकच ओळ होती. ‘तुमच्यापैकी कोणी हे खाऊन पाहिलं होतं का?’

पाहिलं होतं. सहा जणांनी.

चाखणीची खोली तिसऱ्याच मजल्यावर, टोकाला होती. तिच्यात सहा कप्पे, मध्ये पातळ लाकडी भिंती, प्रत्येक कप्प्यात एक स्टूल, पाण्याचा पेला, जीभ धुवायला अळणी बिस्किटं आणि समोर एक छोटी खिडकी. खिडकीपलीकडे प्रयोगशाळा. तिथून वाट्या आत यायच्या. वाटीवर नाव नसे, नुसता तीन आकडी क्रमांक. रंग पाहून मत होऊ नये म्हणून वर तांबडा दिवा. बोलायला सक्त मनाई. कोणाचं तोंड कोणाला दिसत नसे. एकाच्या मताचा दुसऱ्याला वारा लागू नये म्हणून हा सगळा बंदोबस्त होता.

वारा लागायचाच. भिंती पातळ होत्या आणि चमचे स्टीलचे होते. पहिल्या कप्प्यात ताई बसायच्या. त्यांनी एक चमचा घेऊन लगेच तो वाटीवर ठेवला की टक् असा आवाज येई, आणि पाचही कप्प्यांत लोक तीन-चार गुण लिहीत. टक् व्हायला वेळ लागला, मध्ये चमचा पुन्हा वाटीच्या तळाला घासला, म्हणजे ताईंनी दुसरा घास घेतला, मग सात-आठ. हे कोणी ठरवलं नव्हतं, कोणी बोललंही नव्हतं. पाच माणसं सव्वीस वर्षांच्या जिभेवर विसंबून होती, इतकंच. त्यातले चौथ्या कप्प्यातले तर वाटीला हात लावायच्या आधीच आकडा लिहीत, असं सगळ्यांना माहीत होतं.

‘भरपेट’च्या वेळी चार वाट्या आल्या होत्या. दोनशे छत्तीसमध्ये काहीतरी कणीदार होतं, ते ताईंच्या जिभेला वाळूसारखं लागलं. पाचशे ब्याऐंशीने आग झाली. नऊशे पाच पुन्हा खरखरीत. चारशे सतरा मात्र गुळगुळीत होतं, ऊबदार होतं, कुठे टोचत नव्हतं. आजारातून उठलेल्या माणसाला कोणी हाताला धरून बसवावं तसं वाटलं. ताईंनी दुसरा चमचा घेतला. नंतर तिसराही घेतला. मनातून खरोखरच घेतला.

पाच कप्प्यांत पाच आठ पडले.

खोकी आल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेचे रसायनवाले ताईंच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि पुन्हा काढला.

"बसा," ताई म्हणाल्या.

"उभाच बरा आहे. ताई, एक विचारायचं होतं. चारशे सतरात तुम्हाला काय जाणवलं होतं?"

"का?"

"कारण त्यात काहीच नव्हतं." रसायनवाल्यांनी आजूबाजूला पाहिलं. "तो कोरा नमुना होता. नुसती पूड. मीठ नाही, मसाला नाही, आंबट नाही. जिभा जाग्या आहेत ना, ते बघायला आम्ही दर वेळी एक कोरी वाटी घालतो. तिला एक गुण पडायला हवा. फार तर दोन."

ताईंनी हातातलं कार्ड हळूच ‘इतर’मध्ये ठेवलं.

"आणि आठ पडले," त्या म्हणाल्या.

"सहाच्या सहा जणांचे. कंपनीत असं कधी झालं नव्हतं. मी यादी तीनदा तपासली. म्हटलं वाट्या उलटसुलट झाल्या असतील. नव्हत्या झाल्या. मग म्हटलं, ताईंना त्यात काहीतरी दिसलं असेल, आपल्याला काय कळतं?"

"मग बोलला का नाही?"

"बोलणार होतो. पण खरेदीवाल्यांनी हिशेब लावला, मसाला नाही म्हणजे खर्च निम्मा. मोठे साहेब म्हणाले, सहा जिभा एकमताने बोलल्या, आता कोणी मध्ये तोंड घालू नका. मी कोणाचं तोंड घालू?" त्यांनी चष्मा लावला. "तर म्हटलं, विचारावं. काय जाणवलं होतं?"

"गुळगुळीत होतं," ताई म्हणाल्या. हे खरं होतं.

रसायनवाले विचारात पडले. "हो," ते म्हणाले. "गुळगुळीत तर होतंच." आणि ती शास्त्रातली काही खोल गोष्ट असावी तशी मान हलवत निघून गेले.

संध्याकाळी मोठ्या साहेबांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर ‘भरपेट’ची वाटी होती, त्यात चमचा उभा राहिला होता. कोऱ्या नमुन्याची हकीकत रसायनवाल्यांनी एव्हाना त्यांनाही सांगून टाकली होती.

"म्हणजे सहा जिभांपैकी एखादी बिघडली आहे," साहेब म्हणाले. "तिने बाकीच्यांना बिघडवलं. चमच्यांचा आवाज कप्प्याकप्प्यांत ऐकू जातो, हे मला माहीत आहे, ताई, मी काही आंधळा नाही. एक कोणीतरी आहे. तुम्ही शोधा. गुरुवारी पुन्हा चाखणी ठेवतो. चार नवे नमुने. त्याच्या आत ती जीभ तेवढी बाजूला करा, म्हणजे गाडी रुळावर येईल."

"आणि सापडली नाही तर?"

"तुम्हाला सापडणार नाही, असं कसं होईल?" साहेब म्हणाले. विश्वासाने म्हणाले, हीच पंचाईत होती.

बुधवारी दुपारी तिसरी आली. चाखणीत लोकांना कप्प्याच्या नंबरानेच ओळखत. ही तिसऱ्या कप्प्यात बसे, एरवी पॅकिंग विभागात काम करी. वर्षभरापूर्वीच चाखणीत घेतलेली. ताईंनीच निवडली होती. पन्नास जणांतून, पाण्यातली चिमूटभर साखर ओळखणारी ही एकटी निघाली होती. तिने एक घडी केलेला कागद टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"माझं नाव काढा, ताई. साहेब शोधतायत ती जीभ माझीच आहे."

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मला चारशे सतरात काहीच लागलं नाही. अगदी काही म्हणजे काही नाही. एक लिहिणार होते. इतक्यात तुमचा चमचा ऐकला. दुसरा घास, मग तिसरा. माझ्या हातातलं पेनच थांबलं. म्हटलं सगळ्यांना लागतंय, मला लागत नाही, म्हणजे माझी जीभ गेली." ती बोलत होती ते शांतपणे, घरातलं मोडकं भांडं दाखवावं तसं. "आठ लिहिले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेले."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, जीभ ठणठणीत आहे. मी म्हटलं, नाही. तर त्यांनी गोळ्या दिल्या. पाच महिने घेतेय. पोटात आग पडते. आणि घरी स्वयंपाकात हातच चालत नाही. मीठ घातलं की पोरांना चाखायला लावते. बरोबर आहे का रे? पुन्हा बघ. नीट बघ. आता पोरं मला बघितलं की स्वयंपाकघरातून पळतात."

ताईंना काहीतरी बोलायचं होतं. त्यांनी कागद उघडला. ‘जिभेच्या कारणास्तव’ असं लिहिलं होतं.

"हे माझ्याजवळ राहू दे," त्या म्हणाल्या. "उद्या मात्र ये."

"कशाला? उगाच सगळ्यांसमोर?"

"ये म्हटलं ना."

तिसरी गेली. ताई बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसल्या. कागद सोयीचा होता. साहेबांना एक जीभ हवी होती, आणि जीभ आपल्या पायांनी चालत आली होती. सही करायची, पुढे पाठवायचा. कोणाला शंकाही आली नसती. निवृत्तीला तीन वर्षं होती. तीन वर्षं चमच्यांचा आवाज काढत काढता आली असती. त्यांनी पेन घेतलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं आणि कागद पर्समध्ये टाकला. पर्स एकाएकी जड झाल्यासारखी वाटली.

घरी जिना चढताना त्या दोनदा थांबल्या.

दार यजमानांनी उघडलं. हातात मापाचा पेला होता. त्यांची सगळी नोकरी जमीन मोजणीच्या कचेरीत गेली होती आणि निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही म्हणून ते स्वयंपाकाकडे वळले. पहिले चार महिने वाईट गेले. ताई घास घेत आणि ऑफिसच्या सवयीने बोलत: मीठ दोन चिमटी जास्त, कांदा आतून कच्चा, शेवट कडवट. मोजणीदार ते वहीत टिपून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी नवीन चूक करत. वही भरत आली होती आणि ते पुन्हा बाहेरून डबा आणायच्या बेतात होते, इतक्यात ताईंना ताप आला. तापातून उठल्यावर ताई पहिल्याच जेवणाला "छान झालंय" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही म्हणाल्या. मोजणीदारांचा स्वतःवर विश्वास बसायला आठवडा लागला, पण बसला तो बसलाच. हल्ली ते गुणगुणत कांदा चिरत. मागल्या महिन्यात त्यांनी ताईंच्या बहिणीला मुद्दाम जेवायला बोलावलं होतं. बहीण सावकाश जेवली, दोन पेले पाणी प्यायली आणि म्हणाली, "भावोजी, तुमच्या हाताला वेगळीच चव आहे." हे वाक्य त्यांनी आजवर निदान वीस जणांना ऐकवलं होतं.

"दमलेली दिसतेस," ते म्हणाले.

"काम होतं."

"सूप केलंय. आज जरा धाडस केलंय, आधीच सांगतो. ओळख बघू काय घातलंय?"

ताईंनी चमचा तोंडात घातला. गरम होतं. त्यात कसले तरी मऊ तुकडे होते.

"छान झालंय, अहो."

"ते झालंच. पण काय घातलंय?"

"तुम्हीच सांगा."

"अगं, तुला ओळखता येणार नाही असं जगात काही आहे का?" ते हसले आणि खुर्ची ओढून बसले. "बरं राहू दे, दमली आहेस. पाहुण्यांना वाढायचं म्हणतोय हे. तुझ्या धाकट्या भावाकडच्यांना रविवारी बोलावू."

ताईंच्या डोळ्यांपुढे धाकट्या भावाच्या घरची पाच माणसं ओळीने पाणी पिताना आली. सांगावं असं त्यांच्या ओठांवर आलं, पण समोरचा माणूस इतक्या समाधानाने चमचा फुंकत होता की त्या पुन्हा सूप पीत राहिल्या. ऑफिसात बोलणं एक वेळ जमेल. इथे कसं जमणार ते कळत नव्हतं.

गुरुवारी सकाळी अकराला चाखणीच्या खोलीत तांबडा दिवा लागला. सहा जण कप्प्यांत जाऊन बसले. मोठे साहेब दारापाशी पाठीमागे हात बांधून उभे राहिले, शेजारी खरेदीवाले. खिडक्या सरकल्या, रसायनवाल्यांच्या हातांनी वाट्या आत ठेवल्या, खिडक्या बंद झाल्या.

पाच कप्प्यांत लोक थांबले.

पहिल्या कप्प्यातून आवाज येईना. टक् नाही, घासणं नाही, काही नाही. एक मिनिट गेलं. दुसऱ्या कप्प्यात कोणीतरी खाकरलं. चौथ्या कप्प्यातल्यांचं पेन कागदावर टेकलेलं होतं ते तिथेच टेकून राहिलं. वाट्यांवरची वाफ विरत चालली होती. दोन मिनिटं झाली, तीन झाली. ‘भरपेट’ होऊन जायची वेळ आली तरी कोणी घास घेतला नव्हता.

"काय चाललंय?" साहेब हळूच म्हणाले.

"वाट बघतायत," खरेदीवाले म्हणाले.

"कसली?"

खरेदीवाल्यांनी पहिल्या कप्प्याकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात कप्प्याचा पडदा सरकला आणि ताई बाहेर आल्या. तांबड्या उजेडात सगळ्यांचेच चेहरे ताप आल्यासारखे दिसत होते.

"चारशे सतरा माझ्यामुळे पास झालं," त्या म्हणाल्या. "मला आठ महिने चव कळत नाही. वासही नाही. ताप आला होता तेव्हा गेली. चारशे सतरा गुळगुळीत होतं म्हणून मी तीन चमचे खाल्ले. बाकी कोणाची जीभ बिघडलेली नाही."

कप्प्यांतून एकेक डोकं बाहेर आलं.

"म्हणजे ते बेचवच होतं?" दुसऱ्याने विचारलं.

"होतं."

"मला वाटलंच होतं," दुसरा म्हणाला.

"मलाही," पाचवा म्हणाला.

"मी तर सिगारेट सोडली," सहावे म्हणाले. "म्हटलं, त्यानेच जीभ मेली. पाच महिने झाले." त्यांनी थोडा विचार केला. "बायको मात्र खूश आहे."

चौथ्या कप्प्यातल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वाटीतून एक चमचा उचलला आणि तोंडात घातला.

तिसरी सगळ्यांत शेवटी बाहेर आली. ताईंनी पर्समधून तिचा कागद काढून पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"पाच महिने," ती म्हणाली. "रोज दोन गोळ्या."

"माहीत आहे."

"काल मी समोर बसून सगळं सांगितलं. तेव्हा का नाही बोललात?"

"धीर झाला नाही गं."

"मला झाला होता," तिसरी म्हणाली. "नसलेल्या गोष्टीचा झाला होता." तिने कागद घेतला, चार तुकडे केले, टाकायला जागा दिसली नाही म्हणून खिशात ठेवले आणि आपल्या कप्प्यात जाऊन बसली. माफ केलं की नाही हे काही कळलं नाही. ताईंनी विचारलंही नाही.

साहेबांनी कपाळ चोळलं. रागावण्यासाठी लागणारी ताकदही त्यांच्यात शिल्लक दिसत नव्हती. "ताई, हे आठ महिन्यांपूर्वी सांगितलं असतंत तर?"

"तुम्ही मला चाखणीतून काढलं असतंत."

"हो."

"म्हणून."

साहेबांनी कप्प्यांकडे पाहिलं. "मग आता चाखायचं कोणी?"

"या पाच जणांनी. पहिल्या कप्प्यात तिसरीला बसवा. आणि चमचे लाकडी द्या."

वाट्या बदलल्या, गरम नमुने पुन्हा आत गेले. ताई खोलीबाहेर बाकावर बसून राहिल्या. अर्ध्या तासाने रसायनवाले गुणांचे कागद घेऊन बाहेर आले, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. पाच जणांचे पाच निरनिराळे आकडे होते. एकाने चार दिले त्याला दुसऱ्याने नऊ दिले होते. कोऱ्या वाटीला मात्र बाकी सगळ्यांनी एक दिला होता, तिसरीने शून्य, आणि पुढे लिहिलं होतं, ‘हे पुन्हा आणू नये.’

पुन्हा आणायचं ठरलं. दुपारच्या बैठकीत ताईंनी बाजूला ठेवलेली कार्डं वाचून दाखवली, दवाखान्यातल्या बाईचं आणि दिवसभर ऐकून घेणाऱ्या बाईचं आणि तसलीच आणखी दोनशे अकरा. खरेदीवाल्यांचे डोळे पाणावले, ते त्या बायकांसाठी की मसाल्याच्या खर्चासाठी ते सांगता येत नाही. चारशे सतरा ‘सौम्य’ या नावाने राहील आणि ‘चटकदार’ वेगळं निघेल, असा निर्णय झाला. ताईंना निवृत्तीपर्यंत प्रतिक्रिया वाचण्यावर नेमलं. "त्या कामाला जीभ लागत नाही," साहेब म्हणाले आणि मग, आपण काय बोललो ते लक्षात येऊन, त्यांनी घाईघाईने चहा मागवला. चहा गरम होता.

चाखणीच्या खोलीची किल्ली ताईंनी कपाटाला लटकवली. सव्वीस वर्षं पर्समध्ये होती, तिथे अस्तराला तिच्या आकाराचं भोक पडलं होतं.

घरी सूपच होतं. मोजणीदारांनी आज रविवारची रंगीत तालीम मांडली होती. दोन वाट्या, दोन चमचे, मध्ये पाण्याचं तांब्याचं भांडं. ताई बसल्या. वाटीला हात लावला नाही.

"काय झालं?"

"अहो, एक सांगायचंय. आधी रविवारचं रद्द करा."

"का?"

"मला चव कळत नाही."

ते हसले. "सर्दी झालीये?"

"तापापासून. आठ महिने. तुमचं मी एकही दिवस चाखलेलं नाही."

मोजणीदारांनी मनात कसलं तरी मोजमाप केलं असावं. ओठ हलत होते. आठ महिने, दिवसाला दोन जेवणं. मग त्यांनी आपल्या वाटीतून एक चमचा घेतला आणि अगदी सावकाश, परक्या घरी जेवत असल्यासारखा खाल्ला. बराच वेळ तोंडात घोळवला.

"हे वाईट आहे," ते शेवटी म्हणाले.

"मला खरंच माहीत नाही हो."

"मी सांगतो ना. वाईट आहे. मला थोडं वाटायचं, पण तू म्हणायचीस, म्हणून." ते थांबले. "तुझी बहीण..."

"हो."

"वीस जणांना सांगितलं मी."

"हो."

आता ते उठून जातील, निदान चमचा आपटतील, असं ताईंना वाटलं. ते बसूनच राहिले. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. शेजारच्या घरात कोणीतरी खुर्ची सरकवली.

"मग तू आठ महिने काय खात होतीस?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"गरम आहे का गार, एवढं कळतं. मऊ, कडक, कुरकुरीत, तेही कळतं. कुरकुरीत बरं वाटतं. गार झालं की मात्र काहीच उरत नाही, नुसतं ओलं लागतं."

त्यांनी हात पुढे करून ताईंच्या वाटीला बोटांची मागची बाजू लावली. मग ती वाटी उचलली, उभे राहिले आणि सूप परत पातेल्यात ओतलं. गॅस पेटवल्याचा आवाज आला.

"किती गरम?" त्यांनी आतून विचारलं.

ताईंना नेमकं सांगता येईना. आकड्यात सांगण्यासारखं ते नव्हतं. त्या उठल्या आणि आत जाऊन पातेल्याशेजारी उभ्या राहिल्या.

"ढवळत राहा," त्या म्हणाल्या. "मी सांगते."